चिनी वैद्यांची नाडीपरीक्षा आणि आपण बायका

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला बाहेरून एखाद्या विदुषींना बोलवायचे आणि आपण ऐकायचे, असा आपला रिवाज. यंदा कार्यकारिणीने ठरवले की एक भाषण सभासदांपैकीच कोणी करावे, आणि ते माझ्या वाट्याला आले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. त्यामुळे मोठमोठे शब्द माझ्याकडून येणार नाहीत. पण जे सांगेन ते नीट समजून घेऊन सांगेन, एवढी खात्री बाळगा.

विषय आहे चिनी वैद्यांच्या नाडीपरीक्षेचा. हा कुठून काढला बाई, असे काही जणींच्या मनात येईल. दिवाळीनंतर आपल्या भागात वर्तमानपत्राबरोबर एक हस्तपत्रक घरोघर आले होते. ‘चिनी पद्धतीने नाडी पाहून निदान. तुम्ही काही सांगू नका, आम्ही नाडीवरून सर्व सांगू,’ असे त्यात ठळक अक्षरांत छापले होते. आपल्यातल्या कितीतरी जणींनी ते पत्रक जपून ठेवले. भजनानंतर त्याचीच चर्चा चालली. ‘‘बरे आहे, काही बोलायला नको,’’ असे एक जण म्हणाली आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. ते वाक्य माझ्या मनात घोळत राहिले. माझी भाची आयुर्वेद महाविद्यालयात शिकते. तिला मी विचारले, ‘‘चिनी वैद्य खरोखरच रोग्याला काही विचारत नाहीत का ग?’’ ती म्हणाली, ‘‘मावशी, आपण पाहूच.’’ तिने पुस्तके आणली, इंग्रजीतून वाचून मला मराठीत सांगितले, आणि मी वहीत उतरून घेतले. त्या वहीतले आज आपल्यापुढे ठेवते.

चीन आणि वैद्यक म्हटले की आपल्याला सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. १९३८ साली भारतातून पाच डॉक्टरांचे पथक चीनला गेले, त्यात ते होते, आणि १९४२ साली तिथेच सेवा करता करता वारले. पण ते शस्त्रक्रिया करणारे, नव्या डॉक्टरी विद्येचे. मी सांगणार आहे ती विद्या त्यांच्या फार पूर्वीची आणि खुद्द चीनमधली.

आधी नाडी कशी पाहतात ते सांगते. चिनी वैद्य रोग्याचा हात लहानशा उशीवर ठेवतो आणि मनगटाशी अंगठ्याच्या बाजूला आपली तीन बोटे टेकवतो. पहिली जागा तळहाताजवळची, तिला ‘त्सुन’ म्हणजे इंच म्हणतात. मधल्या जागेला ‘ग्वान’ म्हणजे वेस, आणि कोपराकडच्या जागेला ‘छी’ म्हणजे फूट. डाव्या हातावर या तीन जागांवरून हृदय, यकृत आणि मूत्रपिंड यांची स्थिती कळते, आणि उजव्या हातावर फुप्फुस, प्लीहा आणि पुन्हा मूत्रपिंड यांची, असे त्यांचे शास्त्र सांगते. त्यांच्या मते अन्न पचवण्याचे मोठे काम प्लीहेकडे असते. प्रत्येक जागी बोट आधी हलके ठेवायचे, मग थोडे दाबायचे, मग खोल दाबायचे.

त्या काळी घड्याळे नव्हती. मग ठोके मोजायचे कशावर? वैद्याने आधी आपला श्वास शांत करायचा आणि आपल्या एका श्वासात रोग्याचे किती ठोके पडतात ते पाहायचे. चार ठोके पडले तर ठीक, पाचही चालतात. तीन किंवा त्याहून कमी म्हणजे नाडी मंद. सहा म्हणजे जलद. निरोगी माणूस मिनिटात साधारण अठरा श्वास घेतो असे धरले, तर अठरा चोक बहात्तर. आजचे डॉक्टर मोठ्या माणसाचे साठ ते शंभर ठोके ठीक मानतात, त्यात हा हिशेब बरोबर बसतो. नाडी पाहायला सकाळची वेळ उत्तम, खाणेपिणे आणि धावपळ सुरू होण्यापूर्वीची, असेही त्यांच्या जुन्या ग्रंथात आहे. जिना चढून धापा टाकत आलेल्या बाईची नाडी लगेच पाहू नये, हे आपल्यालाही पटेल.

पण नुसती मोजणी म्हणजे नाडीपरीक्षा नव्हे. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात वांग शूहे नावाच्या वैद्याने नाडीवर ग्रंथ लिहिला, त्यात नाडीचे चोवीस प्रकार सांगितले. पुढे १५६४ साली ली शिझेन याने सत्तावीस सांगितले. त्यांची वर्णने ऐकली तर वाटते, ती स्वयंपाकघरात बसूनच लिहिली असावीत. वरच्यावर लागणारी नाडी म्हणजे पाण्यावर तरंगणारे लाकूड. घसरती नाडी म्हणजे ताटात गडगडणारे मोती. अडखळती नाडी म्हणजे बांबूवर हलकेच खरवडणारी सुरी. ताठ नाडी म्हणजे वाद्याची ताणलेली तार. आणि एक नाडी कांद्याच्या पातीसारखी. वरून बोटाला लागते, पण दाबले की आत पोकळ. अंगातून पुष्कळ रक्त गेले की ही पोकळ नाडी लागते, असे ते सांगतात. ही पातीची नाडी जरा लक्षात ठेवा, पुढे मला तिचे काम आहे.

आता पत्रकातल्या गोष्टीकडे येते. नाडीवरून सर्व कळते काय? चिनी वैद्यांचे उत्तर साफ आहे: नाही. त्यांच्याकडे परीक्षा चार आहेत. पहिली पाहणे: चेहऱ्याचा रंग, चालणे, बसणे आणि विशेषतः जीभ. दुसरी ऐकणे आणि वास घेणे. चिनी भाषेत या दोहोंना एकच शब्द आहे. आवाज, खोकला, श्वास हे सारे त्यात येते. तिसरी विचारणे. आणि चौथी स्पर्श करणे, त्यात नाडी आली. म्हणजे नाडी ही चारांतली एक, आणि तीही शेवटची.

जिभेचेच पाहा. जीभ फिकट असेल तर रक्त उणे, पांढरा थर म्हणजे थंडी, पिवळा थर म्हणजे उष्णता, असे ते धरतात. म्हणून वैद्याकडे जाताना जिभेला रंग चढेल असे काही खाऊन जाऊ नये असा त्यांचा दंडक आहे. आपल्यातल्या पानाचा विडा लावणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावे!

आणि विचारणे म्हणजे काय, तर त्याची चिनी वैद्यांनी पद्धतशीर दहा प्रश्नांची पदेच रचली आहेत. झांग ज्येबिन नावाच्या वैद्याने सतराव्या शतकात ती रचली, पुढच्या वैद्यांनी त्यांत भर घातली. थंडी वाजते की अंग तापते? घाम येतो का? डोके, अंग दुखते का? शौच, लघवी कशी? अन्न जाते का? छातीपोटात काय होते? ऐकू नीट येते का? तहान किती? पूर्वीचे दुखणे कोणते? हे कशाने सुरू झाले? आणि बाई असेल तर पाळीविषयी विचारलेच पाहिजे: लवकर येते की उशिरा, थांबली आहे की फार जाते. म्हणजे पत्रकवाले म्हणतात सांगू नका, आणि चिनी वैद्य तर विचारायचे ते विसरू नये म्हणून पाठ करतात!

न विचारता का भागत नाही, याचे एक उदाहरण सांगते, ते आपल्याला चटकन पटेल. ताटातल्या मोत्यांसारखी घसरती नाडी मी सांगितली ना? ती गरोदर बाईची असते असे चिनी ग्रंथ सांगतात. पण तीच नाडी छातीत कफ साचला तरी लागते आणि पोटात न पचलेले अन्न असले तरीही लागते, असे तेच ग्रंथ सांगतात. आता वैद्याने नुसत्या बोटावरून काय सांगावे? बाळ म्हणावे की अजीर्ण? एकच प्रश्न विचारला, ‘‘बाई, शेवटची पाळी केव्हा आली?’’ की बराचसा उलगडा होतो. आज तर लघवीच्या साध्या तपासणीने नक्की कळते.

आता लक्षणांची जुळणी म्हणजे काय ते सांगते, कारण चिनी वैद्यकाचा खरा गाभा तोच आहे. ते एकेक लक्षण सुटे धरत नाहीत. सर्व लक्षणे, जीभ आणि नाडी एकत्र मांडतात आणि त्यातून रोग्याच्या अंगाचा एक ठसा काढतात. रांगोळीचा एक ठिपका पाहून चित्र कळत नाही, सगळे ठिपके जोडावे लागतात, तसेच हे. त्यासाठी ते आठ कसोट्या लावतात, चार जोड्यांच्या. दुखणे बाहेर आहे की आत? थंड आहे की उष्ण? अंगात काही उणे झाले आहे की नको ते साचले आहे? आणि या सर्वांवरची जोडी यिन आणि यांग, म्हणजे सावली आणि ऊन म्हणा ना.

पोटदुखी घ्या. एकीचे पोट दाबले की तिला बरे वाटते, गरम पिशवी हवीशी वाटते; ते उणेपणाचे आणि थंडीचे दुखणे. दुसरीला पोटाला हात लावलेला सोसत नाही. ते साचल्याचे दुखणे. दोघीही म्हणतात ‘पोट दुखते’, पण औषध एक नाही.

तापाचे उदाहरण तर फार जुने आहे. इसवी सन २०० च्या सुमारास झांग झोंगजिंग नावाचा वैद्य होऊन गेला. त्याच्या घराण्यात दोनशेंवर माणसे होती. दहा वर्षांच्या आत त्यांतली दोनतृतीयांश वारली, आणि त्यातही दहात सात थंडीतापाने, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. त्या दुःखातून त्याने तापावर ग्रंथ लिहिला. त्यात तो सांगतो: ताप आहे, अंग दुखते, घाम मुळीच येत नाही आणि नाडी वरवर पण आवळलेली लागते, तर घाम आणणारा जोरकस काढा द्यावा. त्यात ‘माहुआंग’ नावाची वनस्पती मुख्य. पण ताप आहे, वारा नकोसा होतो, घाम येतो आणि नाडी वरवर पण सैल लागते, तर तो काढा देऊ नये. तिथे दालचिनीच्या कोवळ्या फांद्या, पिओनी नावाच्या फुलझाडाची मुळी, आले, ज्येष्ठमध आणि चिनी बोरे यांचा सौम्य काढा द्यावा. तो प्यायल्यावर वाटीभर गरम पातळ पेज प्यावी आणि पांघरूण घेऊन पडावे. ही पेज ऐकून मला फार आपलेपणा वाटला. अठराशे वर्षांपूर्वीचा चिनी वैद्य आणि आपली आजी यांचे इथे एकमत झाले म्हणायचे!

पण यात मर्म काय ते पाहा. दोन्ही तापांत नाडी वरवरच लागते. फरक ठरतो तो घामावरून. आणि घाम आला की नाही, हे अंथरुणातल्या माणसाने सांगायचे असते. बाईने ते सांगितलेच नाही, तर वैद्य कोणता काढा देणार?

म्हणून ली शिझेन, ज्याने नाडीवर पुस्तक लिहिले तोच, त्याच्या प्रस्तावनेत तक्रार करतो की, वैद्य आणि रोगी दोघेही नाडीलाच पहिला मान देतात, आणि ती चार परीक्षांतली शेवटची आहे हे विसरतात. ज्याला पूर्ण ज्ञान हवे त्याने चारही केल्या पाहिजेत. जो आयुष्यभर नाडी पाहत आला, त्याचे हे म्हणणे आहे.

त्याहूनही मला आवडली ती सू तुंगपो याची गोष्ट. हा चीनचा मोठा कवी आणि सरकारी अधिकारी, अकराव्या शतकातला. त्या काळी बडे लोक आपले दुखणे लपवून वैद्यापुढे नुसता हात करत आणि ओळखतो का पाहत. सू तुंगपो लिहितो, मी तसे करत नाही. वैद्य चांगला की वाईट हे मी धडधाकट असतानाच पारखून ठेवतो. आजारी पडलो की आधी त्याला माझे सगळे सांगतो आणि मग नाडी दाखवतो. मला बरे व्हायचे आहे, वैद्याला पेचात पकडायचे नाही. भगिनींनो, हे त्याचे म्हणणे आपण प्रत्येकीने माजघरात लिहून लावावे असे आहे.

आपल्याकडेही वेगळे नाही. आयुर्वेदातही वैद्य तीन बोटांनीच नाडी पाहतात. वाताची नाडी सापासारखी, पित्ताची बेडकासारखी आणि कफाची हंसासारखी चालते असे म्हणतात. शार्ङ्गधरसंहितेत हे वर्णन आहे. पण योगरत्नाकर या ग्रंथात परीक्षा आठ सांगितल्या आहेत: नाडी, मूत्र, मळ, जीभ, शब्द, स्पर्श, डोळे आणि आकृती. म्हणजे चीनमध्ये चारातली एक, तर आपल्याकडे आठातली एक.

आता बायकांविषयी. चीनमध्ये सुखवस्तू घरच्या बायका पडद्याआडून वैद्याला हात दाखवत, आणि त्या मनगटावरही कापड टाकत. खौ झोंगशी नावाच्या वैद्याने १११६ सालच्या ग्रंथात यावर तक्रार केली आहे. चेहरा पाहायचा नाही, हाताला नीट बोट लावायचे नाही, फार विचारले तर घरच्यांना वाटते याला काही येत नाही. मग रोग कळावा कसा? त्याच्याही आधी, सातव्या शतकात, सुन सिम्याव या वैद्याने आपल्या ग्रंथात बायकांच्या रोगांचे भाग मुद्दाम आधी घातले होते. तरी पडदा राहिलाच.

या पडद्याला वाट काढली ती एका बाईने. तिचे नाव तान युनश्यान. ती १४६१ साली जन्मली, वूशी गावच्या घराण्यात. तिचे आजोबा वैद्य, आणि आजीही वैद्यकात जाणती. आजीने नातीला शिकवले आणि आपले औषधांचे टिपण तिच्या हवाली केले. पुढे तिच्याकडे बायकांची रीघ लागली, कारण पुरुष वैद्यापुढे जाण्याची त्यांची तयारी नसे. पन्नाशीत, १५११ साली, तिने आपल्या एकतीस रोगिणींच्या हकिकती लिहिल्या. एकतीसच्या एकतीस बायका. कोणाची पाळी बिघडलेली, कोणाला गर्भ राहत नाही, कोणी कष्टाने खचलेली, तर कोणी मनातल्या रागाने आजारी. तिला हे कसे कळले? तिच्याकडेही दहा हजार बोटे नव्हती. बाई बाईशी बोलली, म्हणून कळले. नव्वदीच्या पलीकडे जगली ती, आणि तिचे पुस्तक आजही आहे.

आपल्यात आज पडदा नाही. दवाखान्यात आपण एकट्या जातो. पण बोलताना मात्र पडदा आपणच ओढून घेतो. माझ्या धाकट्या जावेची हकिकत तिच्या संमतीने सांगते. तिला जिना चढताना धाप लागे, पाय ओढत. ती दवाखान्यात तीनदा गेली आणि तीनही वेळा एकच सांगितले, ‘‘थकवा येतो.’’ टॉनिकच्या बाटल्या आल्या आणि संपल्या. पाळी दहा दहा दिवस जाते, रात्री दोनदा उठून कपडा बदलावा लागतो, हे ना डॉक्टरांना सांगितले, ना दिरांना, ना मला. चौथ्या खेपेस तिथल्या नर्सबाईंनी वजन करता करता सहज विचारले, ‘‘ताई, पाळी कशी येते?’’ आणि ती रडायलाच लागली. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन सहा निघाले. बाईचे बारा तरी असावे. गर्भाशयात गाठ होती, साधीच. उपचार झाले, आणि आज आपल्या फराळाची व्यवस्था तीच पाहते आहे.

मी मघाशी कांद्याच्या पातीची नाडी सांगितली. एखाद्या जाणत्या चिनी वैद्याने हात धरला असता तर कदाचित त्याला ती पोकळी लागली असती. कदाचित म्हणते, कारण एकच नाडी दोन वैद्यांनी पाहिली तर दोघांचे म्हणणे नेहमी जुळत नाही, असे आजकालच्या अभ्यासांतही दिसले आहे. बोटाचे ज्ञान खरे, पण ते बोटागणिक वेगळे. आणि नाडी पोकळ लागली तरी रक्त कुठून जाते हे त्याला विचारावेच लागले असते. जे एका वाक्यात सांगता येते, ते बोटाने शोधायला का लावावे?

दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगते. मी काढे सांगितले ते कोणी घरी करून पाहू नयेत. तो माहुआंग रक्तदाब वाढवतो आणि हृदयावर ताण आणतो. अमेरिकेत २००४ साली त्याच्या शक्तिवर्धक गोळ्यांवर बंदी आली. दुसरी गोष्ट ब्रुसेल्स शहरातली. १९९० च्या सुमारास तिथे बारीक होण्यासाठी बायकांना चिनी वनस्पतींच्या गोळ्या दिल्या. त्यात एका वनस्पतीच्या जागी तिच्याच नावाशी जुळणारी दुसरी विषारी वनस्पती आली, आणि शंभरावर बायकांची मूत्रपिंडे कायमची बिघडली. झाडपाल्याचे म्हणून निरुपद्रवी, ही समजूत सोडून द्यावी. मात्र म्हणून त्या विद्येला नावे ठेवायचेही कारण नाही. चीनमध्ये आज देशी पद्धतीच्या रुग्णालयांतही नाडी पाहतात, जीभ पाहतात आणि रक्त व क्ष-किरण तपासणीही करतात. एकाने दुसऱ्याला हटकले नाही. आपणही तसेच करावे. वैद्याकडे जा, डॉक्टरांकडे जा. पण ‘सांगू नका’ म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

आता तुम्ही म्हणाल, बोलावे हे पटले, पण आत गेल्यावर शब्दच फुटत नाही त्याचे काय? त्याला माझा एक उपाय आहे. चिठ्ठी लिहावी. त्या दहा प्रश्नांसारखीच, आदल्या रात्री, शांतपणे. दुखणे केव्हापासून, कशाने वाढते, कशाने उतरते. ताप, घाम, झोप, भूक, तहान. शौच, लघवी. शेवटची पाळी कोणत्या तारखेला, किती दिवस, किती जाते. अंगावरून पांढरे जाते का. कुठे गाठ हाताला लागते का. चालू औषधे कोणती, झाडपाल्याची धरून. आणि मनाला काही लागले आहे का, तेही. बोलवत नसेल तर चिठ्ठी पुढे करावी. ज्यांना लिहिता येत नाही त्यांना मी लिहून देईन. मंगळवारी दुपारी मी मंडळाच्या खोलीत असतेच. कोणाची चिठ्ठी माझ्या तोंडून बाहेर जाणार नाही.

आणि दोन गोष्टींना चिठ्ठीचीही वाट पाहू नये. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसले, थेंबभर का होईना, किंवा स्तनात गाठ लागली, तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा. दुखत नाही म्हणून थांबू नये.

मुलाला ताप आला की आपण डॉक्टरांना त्याचे किती बारकाईने सांगतो! काल रात्री किती वाजता चढला, किती घास खाल्ले, शी कशी झाली. तेवढ्याच बारकाईने आपण स्वतःचे सांगू लागलो, तर या भाषणाचे चीज झाले असे मी समजेन.